‘वायफाय गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

वीज गेली की अंधार होतो, पाणी गेलं की नळ कोरडा पडतो. वायफाय जातं तेव्हा मात्र लॅपटॉप लख्ख उजळलेला असतो, कोपऱ्यातल्या कमानी पुऱ्या भरलेल्या असतात, फक्त पान उघडत नाही. मग घरभर एकच वाक्य घुमतं: ‘वायफाय गेलं.’ ‘अंग मोडून आलंय’ याच्याइतकंच नेमकं निदान!

त्या कमानींवर आपला भारी विश्वास. खरं तर त्या सांगतात ते एवढंच, की राउटरचा आवाज लॅपटॉपला किती मोठ्यानं ऐकू येतोय. राउटरच्या पाठीमागून बाहेर जाणारी तार तुटली असली तरी त्या भरलेल्याच दिसणार. म्हणून पहिला साक्षीदार बोलवायचा तो फोन. तोच वायफाय त्याच्यावर चालतो का? बघताना मोबाईल डेटा बंद ठेवायचा, नाहीतर फोन गुपचूप त्यावर जातो आणि साक्ष खोटी पडते. फोनही अडला, तर दोष राउटरचा किंवा त्याच्या पलीकडचा. लॅपटॉपच्या सेटिंग उचकत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

लॅपटॉप एकटाच रुसला असेल तर आधी एअरप्लेन मोड. विमानाचं चित्र असलेली कळ धूळ पुसताना सहज दाबली जाते. जुन्या काही लॅपटॉपांच्या कडेला तर वायफायचा सरकता खटकाच असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा व्हायचा तो त्याच्यामुळे.

हे सगळं ठीक असेल तर विंडोजमधली, हुकूम टाइप करून द्यायची ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडायची. तिला घाबरण्यासारखं काही नाही. सगळ्या पडद्यांत कमी थापा मारणारा तोच. ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप केलं की लॅपटॉपचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर दुखणं तिथंच सापडलं. राउटर प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो, भाडेकरारासारखा. लॅपटॉपनं मागितला, उत्तर आलं नाही, तेव्हा बिचाऱ्यानं स्वतःच दारावर एक नंबर लिहून घेतला. असल्या पत्त्यावर बाहेरचं काही पोहोचत नाही. ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ म्हणजे जुना करार फाडून नवा मागणं. नाहीच मिळाला, तर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा घालायचा.

पत्ता नीट असेल तर तीन हाका मारायच्या. पहिली राउटरला: त्याच यादीतल्या ‘डिफॉल्ट गेटवे’चा, म्हणजे राउटरचा, आकडा ‘पिंग’ (ping) या शब्दापुढे टाइप करायचा. उत्तर साधारण १ ते ५ मिलिसेकंदांत यावं. मध्येच ३०० दिसले किंवा काही हाका वाया गेल्या, तर गडबड हवेतच आहे. दुसरी हाक ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. राउटर बोलला पण इथून उत्तर नाही, तर घराबाहेर बिघाड. तिसरी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर नावाचा आकडा करून देणारा डीएनएस झोपलाय. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ (दोन्ही सर्वांना खुले डीएनएस) लिहायचं, ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ चालवायचं, की काम होतं.

‘नो इंटरनेट’ ही पाटीही गंमतच आहे. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून मजकुराची एक इवलीशी फाइल मागवून बघतं; ती आली नाही की पाटी लागते. व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटची वाट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणाऱ्या सोयीनं, ती अडवली, तर पानं धडाधड उघडत असतानाही पाटी तशीच. आणि लॅपटॉपचं घड्याळ काही वर्षं मागे गेलं असेल तर उलटा प्रकार. जोडणी उत्तम, पण संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ‘अजून सुरूच झालेली नाहीत’ असं ब्राउझरला वाटतं आणि तो दारातूनच परत फिरवतो. बोल मात्र वायफायला.

‘बंद करून चालू कर’ हा सल्ला खरा, पण त्यात मेख आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ हे पुरतं बंद होणं नसतं. ‘फास्ट स्टार्टअप’ ही लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल तर ड्रायव्हरांची, म्हणजे वायफाय कार्डासारखे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमांची, अवस्था जशीच्या तशी जपली जाते आणि सकाळी कालचाच गोंधळ उठून बसतो. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर पाटी कोरी करतं. झोपेतून उठल्यावरच दर वेळी वायफाय गायब असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची मुभा काढून घ्यायची. काही नव्या लॅपटॉपांत तो टॅबच दिसत नाही.

हवेचं म्हणाल, तर वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे सदा गजबजलेली पेठ. ब्लूटूथ तिथंच, मायक्रोवेव्ह ओव्हन तिथंच, शेजाऱ्यांचे राउटर तिथंच. एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्कसुद्धा याच पट्ट्यात कुजबुज करते, तिची केबल लांब सरकवली तरी फरक पडतो. ५ गिगाहर्ट्झ मोकळा नि वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो.

एक लक्षण मात्र कुठल्याही सेटिंगनं जात नाही. राउटरच्या शेजारी सगळं सुरळीत, आणि शेजारच्या खोलीत पाऊल टाकलं की शून्य. तेही लॅपटॉप नुकताच रॅम किंवा कीबोर्डसाठी उघडला होता तेव्हापासून. वायफाय कार्डापासून बहुधा दोन बारीक तारा, एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून पडद्याच्या चौकटीत जातात. त्याच अँटेना. त्यांची टोकं कार्डावर टिचबटणासारखी बसतात, फक्त ही बटणं तांदळाच्या दाण्यापेक्षाही बुटकी. धक्क्यानं एखादं निसटतं. बॅटरीची जोडणी आधी सोडवायची, टोक बरोबर वर धरायचं आणि सरळ खाली दाबायचं. तिरकं दाबलं तर कडा चेपते. नीट बसलं की बोटाला हलकंसं ‘टिच’ जाणवतं.