उत्तरेस हिमनद्या

२७ जुलै, रात्री

आज एका खरेदीखताचा मसुदा करताना चतुःसीमेत 'उत्तरेस ओढा' एवढेच लिहून मी पुढे जाणार होतो, तेव्हा पक्षकाराच्या वडिलांनी हटकले, की ओढ्याची अलीकडची कड की पलीकडची, तेही लिहा. माझ्या देखत तो ओढा दोनदा सरकला आहे, असे ते म्हणाले. घरी येईपर्यंत डोक्यात कराचीचा करार घोळत होता, कारण तारीखही नेमकी तीच.

२७ जुलै १९४९ रोजी भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी प्रतिनिधींनी कराचीत काश्मीरमधल्या युद्धबंदी रेषेवर सह्या केल्या. गोळीबार त्या वर्षीच्या १ जानेवारीलाच थांबला होता. कोण कुठवर उभा आहे हे लिहून ठेवायचे राहिले होते. दक्षिणेतल्या मनावर या ठिकाणापासून गावे, नाले, शिखरे यांची नावे घेत ही रेषा मुरलेल्या दस्तलेखकाच्या काळजीने वर सरकते, श्योक नदीवरच्या चालुंकाला आणि पुढे खोरला पोहोचते, आणि मग 'तेथून उत्तरेस हिमनद्यांपर्यंत' एवढ्यावर संपते. वर ना वस्ती ना वाट, म्हणून कोणाला त्याची फिकीर वाटली नसावी. १९७२ मध्ये नियंत्रण रेषा आखली गेली, तीही नकाशावरच्या 'एनजे ९८४२' या बिंदूशी येऊन थांबली. ही दुसरी चूक मला पहिलीपेक्षा कमी क्षम्य वाटते.

भारताने त्या शब्दांचा अर्थ साल्तोरोच्या डोंगररांगेने वर असा लावला, तर पाकिस्तानने रेघ ईशान्येला काराकोरम खिंडीकडे ओढली. १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सैन्य साल्तोरोवर चढले आणि सियाचिनचा संघर्ष सुरू झाला. नोव्हेंबर २००३ पासून तिथेही शस्त्रसंधी आहे, तरी एप्रिल २०१२ मध्ये गयारीच्या तळावर हिमकड्याखाली पाकिस्तानची १४० माणसे गाडली गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये आपले दहा जवान गेले.

दोघांनी खाली उतरावे यासाठी वाटाघाटींच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. आधी सध्याचा ताबा नकाशावर नोंदवा, मग माघार, हा भारताचा आग्रह. ती नोंद पाकिस्तानला नको, आणि घोडे तिथेच अडते. बाहेरून हा हट्ट वाटतो खरा, पण असा पक्षकार माझ्यासमोर येऊन बसला असता, तर पंचनामा झाल्याशिवाय ताबा सोडू नका, असेच मीही त्याला सांगितले असते.