पेला फुटला, की फोडला? थरारकथेतल्या खोट्याविषयी

थरारकथेचा वाचक पहिल्या पानापासून एकच काम करत असतो. समोरचं पात्र थाप कुठे मारतंय, ते हुडकण्याचं. २०१२ साली गिलियन फ्लिनची ‘गॉन गर्ल’ आणि २०१५ साली पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ आली. तेव्हापासून तर हेर, बॉम्ब, पाठलाग मागे पडले आणि नवरा-बायको, शेजारी, मैत्रिणी यांचं घरातलं खोटं मधोमध येऊन बसलं. याचं कारण साधं आहे. बॉम्ब निकामी करणं वाचकाला परकं असतं, पण विचारलेल्या प्रश्नाला अर्धंच उत्तर देणं त्याच्या रोजच्या सवयीचं असतं.

मराठीत या धर्तीचं लिहिताना मात्र बहुतेक जण इंग्रजी कादंबऱ्यांतली साधनं उचलतात: बनावट डायरी, नशेत पुसली गेलेली रात्र, अपघातानंतरचा स्मृतिभ्रंश. ती वाईट आहेत असं नाही, पण आता वाचक ती दुरून ओळखतो. आपल्या भाषेच्या व्याकरणात याहून धारदार हत्यारं आहेत आणि ती वापरली जात नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. (पुढे दोन कथांची गुपितं फुटणार आहेत.)

आधी मूळ नियम. खोटं पात्राने बोलावं, लेखकाने बोलू नये. निवेदक काही दडवत असेल, तर त्याचं प्रत्येक वाक्य शब्दशः खरं राहिलं पाहिजे. धर्मराजाच्या ‘नरो वा कुंजरो वा’ची हीच घडण आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये खुनी हाच निवेदक आहे. तो सांगतो की पत्रं आली तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती आणि आपण अ‍ॅक्रॉइडच्या खोलीतून निघालो तेव्हा दहा मिनिटं. दोन्ही वेळा खऱ्या आहेत. मधल्या दहा मिनिटांत काय झालं, ते तो सांगत नाही. कादंबरी संपल्यावर वाचक ते पान पुन्हा उघडतो आणि त्याला तिथे एकही खोटा शब्द सापडत नाही. फसवलं गेल्याचा आनंद तिथून येतो. याउलट खुन्याच्याच मनात शिरून ‘तिला कोणी मारलं असेल?’ असा विचार लिहिला, तर तो वाचकाचा विश्वासघात होतो आणि वाचक तो माफ करत नाही.

आता व्याकरणाकडे येऊ. ही तीन वाक्यं पाहा: ‘पेला फुटला.’ ‘माझ्या हातून पेला फुटला.’ ‘मी पेला फोडला.’ घटना एकच. पहिल्यात करणारा गायब आहे, दुसऱ्यात तो आहे पण हेतू नाही, तिसऱ्यात दोन्ही आहेत. मराठीत अशा क्रियापदांच्या जोड्या ढिगाने आहेत: सांडलं-सांडवलं, पडला-पाडला, जळालं-जाळलं, तुटली-तोडली, मेला-मारला. संशयिताचं म्हणणं कथेत तीनदा येणार असेल, तर त्याला या तीन पायऱ्यांवरून हळूहळू खाली उतरवता येतं. पहिल्या वेळी ‘पडदा जळाला’ हे वाचकाला इतकं नैसर्गिक वाटतं की कोणी जाळला, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

दुसरं हत्यार आदरार्थी बहुवचनाचं. ‘ते आले होते’ म्हणजे एक वडीलधारा माणूस की तिघे जण? ‘रात्री ते आले होते, चहा घेऊन गेले’ असं मोलकरीण म्हणते आणि तपास अधिकारी ‘ते’ म्हणजे एकटे घरचे साहेब असं समजून पुढे जातो. पुढे धुतलेल्या कपांची संख्या येते. मोलकरीण खोटं बोललेलीच नाही.

तिसरं ‘म्हणे’. ‘तो गॅलरीत उभा होता’ हे पाहिलेलं, ‘तो गॅलरीत उभा होता म्हणे’ हे ऐकलेलं. पहिल्या जबानीत ‘म्हणे’ नाही आणि दुसऱ्या वेळी ते हळूच चिकटलं, तर साक्षीदार मागे सरकतोय. हा दुवा फक्त मराठी कान असलेल्या वाचकालाच पकडता येतो, म्हणून तो मला सर्वांत आवडतो.

निवेदक स्त्री की पुरुष, हे लपवणं मराठीत अवघड आहे, कारण ‘गेलो-गेले’ लगेच चुगली करतं. पण अशक्य नाही. भूतकाळात ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’ यांत लिंग कळत नाही. ‘मला समजलं’, ‘माझ्या लक्षात आलं’ यांतही नाही. भविष्यकाळात ‘मी जाईन’ चालतं. पण सकर्मक क्रियापद आहे म्हणून बेफिकीर राहू नये. बोललो, विसरलो, शिकलो, प्यायलो ही क्रियापदं कर्त्याप्रमाणेच बदलतात आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. एखाद्या कथेपुरतं हे निभावतं, तीनशे पानं ओढलं तर भाषा लंगडते. कोल्हापूरकडच्या अनेक बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हे ठाऊक असलेल्या लेखकाला फोनवरच्या निरोपाच्या चिठ्ठीत एक सुंदर चकवा मिळतो.

लिहायला बसण्याआधी खोट्याची वही करावी. प्रत्येक खोट्यासाठी पाच रकाने: कोण कोणाला बोललं, खरं काय होतं, का दडवलं, खरं आणखी कोणाला माहीत आहे, आणि ते कशाने उघडं पडेल. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात आणि मग शेवटच्या प्रकरणात आतापर्यंत कधीच न दिसलेला साक्षीदार उगवतो. साठ-सत्तर हजार शब्दांच्या कादंबरीला तीन मोठी खोटी पुरतात. निदान दोन निर्दोष पात्रांनीही खोटं बोलावं, पण गुन्ह्यापायी बोलू नये. गेलेली नोकरी, लपवलेलं कर्ज, लग्नाबाहेरचं नातं अशा लाजेपायी बोलावं. ही माणसं घाबरतात, सारवासारव करतात, आणि खरा गुन्हेगार त्यांच्या आडोशाला निवांत उभा राहतो. मोठ्या खोट्याला तीन दुवे द्यावेत, त्यातला पहिला पहिल्या पाव भागात. दुवा यादीत पेरायचा तर यादीच्या मधोमध पेरावा. पहिली आणि शेवटची वस्तू वाचकाच्या लक्षात राहते, मधली निसटते.

रचलेल्या खोट्याचा उत्तम नमुना गोव्यात घडतो: निशिकांत कामत यांनी २०१५ साली दिग्दर्शित केलेला हिंदी ‘दृश्यम’, मूळ जितू जोसेफ यांचा २०१३ सालचा मल्याळम चित्रपट. त्यात साक्षीदारांनी पाहिलेलं सगळं खरं आहे. कुटुंब पणजीला गेलं होतं, जेवलं होतं, तिकिटंही खरी. खोटी फक्त तारीख, आणि ती नायकाने लोकांच्या मनात नंतर रुजवलेली. दहा गोष्टी रचण्यापेक्षा एक गोष्ट सरकवणं कितीतरी टिकाऊ.

खोटं पकडण्याच्या प्रसंगात मात्र बरेच लेखक घसरतात. नजर चुकवणं, कपाळावरचा घाम, अडखळणं ही चिन्हं भरवशाची नाहीत. बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात माणसाला खरं-खोटं ओळखण्यात सरासरी ५४ टक्के यश मिळालेलं दिसलं, नाणं उडवण्याहून जरासं बरं. कथेतला अधिकारी हुशार दाखवायचा असेल तर त्याला अनपेक्षित प्रश्न द्या. दोघांनी मिळून ‘आम्ही हॉटेलात होतो’ ठरवलेलं असतं, पण काउंटर टेबलाच्या कोणत्या बाजूला होता, हे ठरवलेलं नसतं. दोघांना वेगळं बसवून जागेचा नकाशा काढायला सांगितला की प्रसंग आपोआप तापतो. घटनाक्रम उलटा, शेवटाकडून सांगायला लावणंही असंच उपयोगी.

आजच्या कथेत यंत्रांच्या नोंदी विसरून चालत नाही. ‘मी रात्रभर पुण्यातच होतो’ म्हणणाऱ्याची गाडी खालापूरच्या टोलनाक्यावरून गेली असेल तर फास्टॅगमध्ये वेळेची नोंद आहे. आणि गाडी भावाच्या नावावर असेल, तर पैसे कापल्याचा मेसेज भावाच्या फोनवर गेलेला असू शकतो. वहीचा चौथा रकाना असा भरतो.

कायद्याची चूक तर फारच जुनी. पोलीस ठाण्यात आरोपी रडून कबुली देतो आणि कथा संपते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. पूर्वी १८७२ च्या कायद्यात हेच कलम २५ होतं. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या शोधाशी जोडलेला भाग चालतो. म्हणून कबुलीनंतर विहिरीतून सुरा निघतो की नाही, हा प्रसंग कबुलीहून महत्त्वाचा. पॉलिग्राफ किंवा नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं आहे.

आणि साक्षीदाराचा जबाब. तो लिहितो पोलीस, त्यांच्या ठरलेल्या भाषेत, आणि त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. बाई म्हणाली ‘दिवा पडला’, कागदावर आलं ‘दिवा पाडला’. सहा महिन्यांनी न्यायालयात ती म्हणते, मी असं बोललेच नव्हते. सरकारी वकील तिला फितूर ठरवण्याची परवानगी मागतात. ती खरं बोलतेय, कागद खोटं बोलतोय, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला तिचा मुलगा मान खाली घालून ऐकतोय.