पाऊण तासाला एक ठिपका

सांगलीहून बाबांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "आज किती ठिपके झाले गं?"

इथे फिनलंडमध्ये, एस्पोच्या ओतानिएमीत, मी पेट्रोलमध्ये मिसळायचं ईटीबीई हे इथर आणि पेट्रोलमधलाच एक हायड्रोकार्बन आयसो-ऑक्टेन यांच्या मिश्रणाचा बाष्प-द्रव समतोल मोजते, म्हणजे उकळताना द्रवात कोण किती आणि वाफेत कोण किती. मिश्रण काचेच्या उपकरणात उकळायचं, वाफ थंड करून पुन्हा त्याच भांड्यात सोडायची. उकळता द्रव आणि वाफ बारीक नळीतून उसळत वर येतात आणि थर्मामीटरच्या आवरणावर आदळतात. तो आवाज एका लयीत आला, तापमानाचा आकडा हलेनासा झाला, की सुईने द्रवाचा थोडासा नमुना घ्यायचा, निवलेल्या वाफेचा थोडासा, आणि दोन्ही गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे नमुन्यात काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रात. आलेखावर एक ठिपका! पाऊण तास सहज जातो. घाई केली तर आकडा मिळतो, पण तो समतोलाचा नसतो.

पहिल्या महिन्यातले माझे ठिपके गिब्स-ड्यूहेमच्या कसोटीला, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात का या तपासणीला, उतरेनात. वाफेच्या नमुन्यात इथर दर वेळी कमीच. कुपी कोमट असायची, त्यामुळे हलकं इथर माझ्या डोळ्यांदेखत उडून जात होतं. आता कुपीत आधी टोल्युइन हे गार द्रावक घालते आणि नमुना त्यात सोडते. सगळे ठिपके पुन्हा मोजले. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

बाबा ऊस लावतात, म्हणून त्यांना इथेनॉलवरून समजावलं. इथेनॉल 78 अंशांना उकळतं, आयसो-ऑक्टेन 99 ला. पण योग्य प्रमाणात मिसळा, मिश्रण 72 च्या आसपासच उकळतं, दोघांच्याही आधी! इथेनॉलचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हायड्रोकार्बनच्या गर्दीत ते हात सुटतात आणि रेणू वाफेकडे धावतात. म्हणून पेट्रोलमध्ये थोडंसं इथेनॉल घातलं तरी बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडायचा जोर, चढतो. आपल्याकडे ते थेट मिसळतात. युरोपात त्यातलं काही आयसोब्युटिलीन या हायड्रोकार्बनशी जोडून ईटीबीई करतात. त्याच्या ऑक्सिजनवर हायड्रोजन उरत नाही, त्यामुळे ते पेट्रोलमध्ये निमूट मिसळून राहतं. मात्र कारखान्यात ते वेगळं काढायचा डिस्टिलेशन कॉलम, म्हणजे उकळवून घटक वेगळे करणारा मनोरा, किती उंच हवा, हे असल्या ठिपक्यांवरूनच ठरतं. मला या कामाची ओढ लागली ती इथेच.

आज पाच झाले, बाबा. शुद्ध इथरच्या टोकाजवळचे राहिलेत. तिथे वाफ आणि द्रव यांच्यातला फरक इतका बारीक होतो की प्रत्येक नमुना तीनदा तपासावा लागतो.