तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं जमतं कसं?

आमच्या चर्चच्या मंडळीतले बरेच जण हे विचारतात, कधी काळजीने, कधी थोडं चिडूनसुद्धा. तुझा तो मित्र अगदी विरुद्ध पक्षाचा, तुमचे वाद सगळ्यांनी ऐकलेत, मग दर आठवड्याला एकत्र प्रार्थना कशी काय करता?

पहिलं म्हणजे आम्ही राजकारणाचा विषय टाळत नाही. टाळून पाहिलं होतं, पण मग हळूहळू बाकीचंही बोलणं कमी व्हायला लागलं.

मला येशूच्या बारा शिष्यांची यादी फार आवडते. त्यात मत्तय आहे, जकातदार, म्हणजे रोमच्या छत्राखालच्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून पैसे वसूल करणारा, आणि त्याच यादीत शिमोन आहे ज्याला लूक जिलोत म्हणतो. जिलोत म्हणजे रोमविरोधी गटातला की नुसता धर्माबद्दल आवेशी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कसंही धरलं तरी जकातदाराशी त्याचं सहज पटलं असेल असं मला वाटत नाही. दोघांमध्ये काय बोलणं झालं हे शुभवर्तमानात कुठेच नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात नावं येतात तेव्हा मत्तयाच्या नावापुढे अजून 'जकातदार' लिहिलेलंच आहे, पुसलेलं नाही, आणि येशूने दोघांनाही एकाच कामाला पाठवलं.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय लोक लगेच काढतात, की बघा, मतभेद असले तरी स्वीकार करा. बरोबर आहे, पण तिथे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल खाण्यापिण्याबद्दल आणि सण-दिवस पाळण्याबद्दल बोलतोय, कुणावर होणाऱ्या अन्यायाबद्दल नाही. त्यामुळे एखाद्या समाजाला तुच्छ लेखणारं काही माझा मित्र बोलला तर मी गप्प बसत नाही, आणि माझं चुकलं तर तोही नाही. पण त्या अध्यायातली एक गोष्ट मला फार लागते. पौल दोन्ही बाजूंना वेगवेगळं बजावतो, एकाला म्हणतो तुच्छ मानू नको, दुसऱ्याला म्हणतो दोष लावू नको, आणि खरं सांगायचं तर मी वाद घालताना दोन्ही करतो.

एका निवडणुकीच्या वेळी मी या मित्राच्या नेत्याबद्दलचा एक मेसेज न तपासता ग्रुपवर फॉरवर्ड केला. तो खोटा निघाला. त्याने ग्रुपवर काही लिहिलं नाही, मला फोन केला आणि एवढंच विचारलं की शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा नेत्यांना लागू नाही का? मला राग आला, खूप आला, दोन आठवडे मी प्रार्थनेला गेलो नाही. मग ग्रुपवर माफी मागितली, त्याच्याकडे गेलो, आणि तो नेहमीसारखाच बायबल उघडून बसला होता.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 6 ऑक्टोबर 1774 च्या रोजनिशीत लिहिलंय की निवडणुकीत मत असलेल्या आपल्या लोकांना त्याने तीन गोष्टी सांगितल्या: पैसे किंवा बक्षीस न घेता जो सगळ्यात लायक वाटतो त्याला मत द्या, ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका, आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्यांबद्दल मन कडवट होऊ देऊ नका. पहिली मला सोपी जाते, दुसरी जमवावी लागते, तिसरीसाठी मात्र मला प्रार्थनाच करावी लागते, आणि तीही माझ्या मित्राच्याच शेजारी बसून, कारण ज्याच्या मुलांची नावं घेऊन आपण देवापुढे काही मागतो त्याला मनात 'ते लोक' म्हणून ढकलून देणं मला तरी जमलेलं नाही.

आता आम्ही एक नियम ठेवलाय, वाद सुरू करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तो म्हणेल, हो, हेच म्हणतोय मी. कधीकधी यातच संध्याकाळ जाते आणि वाद राहूनच जातो.

पुढच्या निवडणुकीतही आमची मतं एकमेकांना खोडणार, दोघांनाही माहितीये. त्याच्या आईचं ऑपरेशन त्याआधी आहे, मंगळवारी, आणि सकाळी मी तिथे असणार आहे.