डिस्क रिकामी, तरी रांग

आमच्या स्ट्रीमिंग सेवेवर एका मालिकेचा नवा सीझन रात्री बाराला येणार होता आणि मी निर्धास्त होते. नवे भाग आधीच एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान साठवणीवर, चढवून, एकेक चालवून तपासले होते. सर्व्हरमधल्या १२ टीबीच्या २४ हार्ड डिस्क निम्म्याही भरलेल्या नव्हत्या. बाराला सगळं सुरळीत सुरू झालं. साडेबाराच्या सुमारास तक्रारी यायला लागल्या: चित्र मध्येच थांबतंय, नुसतं गोल फिरत राहतंय.

प्रत्येक डिस्क किती वेळ कामात आहे ते दाखवणारं आयओस्टॅट लावून बघितलं. सातव्या डिस्कसमोर १०० टक्के आणि बाकीच्यांसमोर २, ३, १, ४ असे किरकोळ आकडे. सातवीवर त्याच मालिकेचे जुने तीन सीझन होते. नवा आला म्हणून लोक पहिल्यापासून बघायला बसले होते. कोणी पहिल्या भागात, कोणी अकराव्यात, कोणी गोष्ट आठवावी म्हणून थेट तिसऱ्या सीझनच्या शेवटाला. हे सगळे भाग कधीतरी एका फोल्डरमधून एकदम आले आणि एकाच डिस्कवर जाऊन बसले होते.

आम्ही इतकी वर्षं फक्त जागा मोजत होतो. सेकंदाला ५ मेगाबिटच्या दर्जाचा दोन तासांचा चित्रपट साडेचार जीबीचा होतो. म्हणजे १२ टीबीच्या डिस्कवर असे अडीच हजारांवर चित्रपट मावतात. पण तीच डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. वाचणारं हेड जागेवर न्यायला साधारण आठ मिलिसेकंद, हवा तो भाग फिरून खाली यायला सरासरी चार, मग एक एमबी वाचायला आणखी पाच. सेकंदाला जेमतेम साठ वेळा, म्हणजे साठ एमबी, वाचून होतं आणि एका प्रेक्षकाला सेकंदाला ०.६ एमबीच्या वर लागतं. शंभर माणसं शंभर वेगळ्या ठिकाणी बघायला लागली की ती दमलीच. अडीच हजार चित्रपट आणि शंभरही प्रेक्षक नाहीत, हे प्रमाण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

घाईत मी सातवीवरून दुसऱ्या डिस्कवर कॉपी सुरू केली. कॉपी म्हणजेसुद्धा वाचणंच, त्यामुळे रांग आणखी वाढली. दोन मिनिटांत ती बंद केली आणि मूळ साठ्यावरून त्याच फाइली मागवून आठ डिस्कांवर पसरल्या. दीडपर्यंत तक्रारी थांबल्या.

मग मोजण्याची पद्धतच बदलली. सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं एसएसडीवर ठेवायचं, असा साधा नियम होता. त्याने झालं काय, तर वर्षापूर्वी गाजलेला एक चित्रपट जुन्या आकड्यांच्या जोरावर जागा अडवून बसला होता. आता प्रत्येक आकडा रोज निम्मा होतो, त्यामुळे कालची मागणी बोलते आणि मागच्या महिन्याची विरून जाते. शेवटचं पाहिलेलं ठेवायचं म्हटलं, तर कोणी एकदाच उघडलेल्या गोष्टींनी कॅशे, म्हणजे पटकन देता यावा म्हणून हाताशी ठेवलेला साठा, भरते. जगभर सर्व्हर ठेवून इतरांचा मजकूर पोचवणाऱ्या अकामाई कंपनीच्या अनुभवावरचा २०१५ चा एक लेख मला इथे फार उपयोगी पडला. त्यांच्याकडे जवळपास तीन चतुर्थांश गोष्टी एकदाच मागितल्या जात होत्या, म्हणून दुसऱ्यांदा मागणी आली तरच ती गोष्ट डिस्कवर लिहायची. पहिली मागणी लक्षात ठेवायला ब्लूम फिल्टर, म्हणजे एखादी गोष्ट आधी येऊन गेली का एवढंच सांगणारी आटोपशीर नोंद, जो १९७० पासून आहे आणि मूठभर मेमरीत काम भागवतो.

शिवाय आम्ही प्रदर्शनाच्या तारखा बघायला लागलो. नेटफ्लिक्स ओपन कनेक्ट या आपल्या वितरण जाळ्यातल्या सर्व्हरवर उद्या काय चालेल याचा अंदाज बांधून गर्दी नसलेल्या वेळी माल भरून ठेवतं. आमचं काम लहान, पण रीत तीच. सीझन येण्याआधी दोन रात्री, पहाटे, त्याचे जुने भाग वेगवेगळ्या डिस्कांवर पांगवतो.

तारखेवर न येणारी मागणी मात्र राहतेच. एखादा जुना नट जातो आणि तासाभरात त्याचे तीस वर्षांपूर्वीचे चित्रपट शेकडो घरांत सुरू होतात. त्या संध्याकाळी लोकांना तो माणूस पडद्यावर बघायचा असतो आणि आमच्याकडे चित्र थांबलं तर मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून आता प्रत्येक जुन्या चित्रपटाच्या दोन वेगळ्या डिस्कांवर दोन प्रती असतात, आणि एसएसडीचा दहावा हिस्सा आम्ही कायम रिकामा ठेवतो. हिशेब तपासणारे दर तिमाहीला विचारतात, ही जागा वाया का जातेय? मी त्यांना सातव्या डिस्कचा त्या रात्रीचा आलेख दाखवते.