आमची वाटचाल: सिलिंडरागणिक थ्रॉटल

आमच्या वर्कशॉपची सुरुवात कार्ब्युरेटरच्या कामावर झाली. जोडीने बसवलेले कार्ब्युरेटर सिंक करण्यात, म्हणजे सगळ्यांतून सारखीच हवा जाईल असे जुळवण्यात, आमचा हातखंडा होता. गाड्या इंजेक्शनवर गेल्या आणि ते काम आटलं, पण कसब वाया गेलं नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप आणि तिचं घर) बसवायची तर तेच कसब लागतं.

एरवी इंजिनाला बटरफ्लाय, म्हणजे ती झडप, एकच आणि त्यापुढे मोठा प्लेनम, म्हणजे हवेची पोकळी. पाय दाबला की आधी ती पोकळी भरते. बटरफ्लाय पोर्टाजवळ (सिलिंडरच्या हवेच्या तोंडाजवळ) आणला की इंजिन पायासरशी उठतं. निसानच्या आरबी२६ इंजिनाला असे सहा आणि टोयोटाच्या २० व्हॉल्व्हच्या ४ए-जीईला चार बटरफ्लाय कंपनीतूनच यायचे. आम्ही मात्र मोटरसायकलच्या बॉडी घेऊन शिकलो. त्यांच्यातलं अंतर कारच्या पोर्टांशी जुळत नाही. म्हणून त्या सुट्या करायच्या, मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) नव्याने बनवायचा, बटरफ्लाय एकत्र फिरवणारं लिंकेजही नवं.

हे लेथ-वेल्डिंगचं काम कुणीही चांगला मिस्त्री करेल. आम्ही नावारूपाला आलो ते त्यापुढच्या कामामुळे. थ्रॉटल जरा उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ संपतो, आणि जो उरतो तो थरथरत असतो. त्या दाबावर ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल मोजलं तर गाडी धक्के खाते. म्हणून आम्ही मॅप (किती पेट्रोल द्यायचं याचं टेबल) थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवर बांधतो, आणि थ्रॉटलच्या पहिल्या थोड्याशा उघडीपीला टेबलात जास्तीत जास्त रकाने देतो, कारण हवा तिथेच झपाट्याने बदलते. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम लागतो; त्यासाठी चारही रनरमधून (सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेच्या वाटांमधून) नळ्या काढून एका छोट्या टाकीत आणतो, मध्ये वन-वे व्हॉल्व्ह.

सिंक नेहमी इंजिन पूर्ण तापल्यावरच. एअरफ्लो मीटर एकेका ट्रम्पेटच्या (हवा आत घेणाऱ्या कर्ण्याच्या) तोंडावर धरायचा, स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा पहिल्या सिलिंडरपासून. फुल थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं मिश्रण १२.५ ते १३ला एक आणि सावकाश चालीत १४.७च्या आसपास ठेवतो. पण आमची परीक्षा आयडलिंगची. गाडी रात्रभर ठेवून सकाळी थंड इंजिन पहिल्या स्टार्टला धरतं का, हे पाहिल्याशिवाय किल्ली देत नाही.

कॅम आणि हेड मूळचंच ठेवायचं असेल तर ताकदीत फार फरक पडणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. काही जण तेवढ्यावर परत जातात, आणि ते आम्हाला चालतं. उघड्या ट्रम्पेटची गाडीही रस्त्यावर देत नाही. फिल्टर नसेल तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.