निंब की लिंब?

आठवीत शुद्धलेखनाच्या वहीत मी ‘कडूलिंब’ लिहिले होते. बाईंनी ‘डू’भोवती लाल गोल केला, ‘लिं’ला मात्र हात लावला नाही. शेजारणीच्या वहीत ‘कडुनिंब’, तेही बरोबर. घरी आजी लिंबच म्हणायची, आणि त्यावरून वर्गात मला हसत. वही घेऊन मी टेबलाशी गेले, “बाई, खरे नाव कोणते?”

बाईंनी धडा मिटला. ‘डु’चे चटकन आटोपले: फूल दीर्घ, फुलपाखरू ऱ्हस्व, तसेच कडू आणि कडुनिंब. उरलेला अख्खा तास ‘न’ आणि ‘ल’चा. दोन्ही म्हणताना जीभ जवळजवळ एकाच जागी टेकते, म्हणून ही अक्षरे एकमेकांची जागा घेतात. फळ्यावर जोड्या पडत गेल्या: लांगलाचा नांगर, नवनीताचे लोणी, ललाटाचे निढळ, निम्बूकाचे लिंबू. आम्ही पुटपुटत जीभ कुठे लागते ते तपासत होतो.

संस्कृत शब्द ‘निम्ब’. पण बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या प्राकृत व्याकरणात ‘लिंब’ रूपालाही मुभा आहे. त्याच सूत्रात नापिताचा ‘ण्हाविअ’ होतो, म्हणजे आपला न्हावी! आजीचा उच्चार आठशे वर्षांहून जुना निघाला. त्यानंतर मला कोणी हसले तर मी सूत्रच सांगायचे.

पुढे वनस्पतिशास्त्र शिकले, ते बहुधा या तासामुळेच. तिथे कळले की या झाडाच्या शास्त्रीय नावात फारसी दडली आहे. ‘आझाद दरख्त’, म्हणजे मुक्त वृक्ष, यावरून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्याला ‘मेलिया अझादिराक्टा’ म्हटले. 1830 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्यूने ते ‘अझादिराक्टा इंडिका’ केले. आपला गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, नावापुरताच निंब. कुळाने तो लिंबाच्या नव्हे, लिंबूच्या घरचा. हे बाईंना सांगायचे राहून गेले, याची फार हळहळ वाटते.

शाळेच्या महोत्सवानिमित्त आवारातल्या झाडांना पाट्या लागणार आहेत. त्यांचा मजकूर माझ्याकडे आला, तेव्हा विहिरीजवळच्या झाडासाठी मी ‘कडुनिंब / कडुलिंब’ अशी दोन्ही नावे लिहून दिली. ‘डु’ दोन्हीकडे ऱ्हस्व आहे, हे रंगाऱ्याला दोनदा बजावले आहे.